इकोचं पुस्तक आणि आपला लघुप्रबंध



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, अजून प्रबंध तुम्हाला सोडत नाहीत का?" खरं आहे, सोडत नाहीत. आमच्या वयाचे लोक गीतेवर बोलतात, फार तर आरोग्यावर. आम्ही एम.ए.च्या लघुप्रबंधावर बोलणार आहोत, आणि तेही एका इटालियन पुस्तकाच्या आधाराने.

पुस्तक उम्बेर्तो इको यांचं. 'पदवीचा प्रबंध कसा लिहावा' असा त्याच्या नावाचा सरळ अर्थ. ते इटलीत १९७७ साली निघालं. इंग्रजीत यायला त्याला २०१५ साल उजाडलं, म्हणजे अडतीस वर्षं लागली. मधल्या काळात टंकलेखन यंत्र गेलं, कार्डांची खोकी गेली, ग्रंथालयातली सूचीकार्डांची कपाटं गेली. इको ज्या हत्यारांबद्दल इतकं मन लावून सांगतात ती सगळी मोडीत निघाली आणि पुस्तक मात्र वाचलं जातंय. असं का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. हे पुस्तक आज महाराष्ट्रातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या हाती दिलं तर त्यातलं काय लागू पडेल आणि काय पडणार नाही?

आधी हे पुस्तक कोणासाठी लिहिलं ते बघू. इटलीत त्या काळी 'लाउरेआ' ही पदवी मिळवायची तर प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागे. हुशार असो, नसो, पुढे संशोधन करायचं असो किंवा बँकेत चिकटायचं असो, प्रबंध चुकत नसे. तोवर विद्यापीठात येणारी मुलं मोजकी आणि सुखवस्तू घरांतली. १९६९ साली कायदा बदलला, कुठल्याही शाखेचं माध्यमिक शिक्षण पुरं केलेल्यांना विद्यापीठाची दारं उघडली आणि वर्ग भरून गेले. ज्याच्या घरात पुस्तक नाही, जो दिवसा नोकरी करतो, ज्याचं गाव विद्यापीठापासून लांब आहे आणि ज्याला प्राध्यापक भेटतच नाहीत, अशा मुलासाठी इकोंनी हे पुस्तक लिहिलं. इको तेव्हा बोलोन्याला शिकवत होते. कादंबरीकार म्हणून जगाला ते अजून माहीत व्हायचे होते.

आता आपल्याकडे या. आम्ही एम.ए. झालो ते पेपर लिहून. प्रबंध लिहून एम.ए. करायची वाट आपल्याकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९२८ साली मुंबई विद्यापीठात घुर्यांच्या हाताखाली तशीच एम.ए. केली. पण ती निवडक लोकांची वाट होती. पुढे संशोधनाची पहिली पायरी म्हणून एम.फिल. आलं, तेही २०२२च्या नियमांनी बंद झालं. आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३पासून जी रचना आली तिच्यात दोन वर्षांच्या एम.ए.ला संशोधन प्रकल्प आहे. तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक, चौथ्यात ६, मिळून १०, आणि हे सगळ्यांना. नंदुरबारच्या मुलाला आहे, सावंतवाडीच्या मुलीला आहे. म्हणजे इटलीत जी अट आधीपासून होती आणि वर्ग भरल्यावर जड झाली, ती अट आपण भरलेल्या वर्गांना नव्याने लावली आहे. म्हणून म्हणतो, हे पुस्तक आपल्याकडे आत्ता कुठे वेळेवर आलं.

इकोंचा पहिला आणि सगळ्यात मोलाचा सल्ला विषयाबद्दल आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विषय लहान घ्या. जितका लहान, तितका तुमच्या ताब्यात राहील. साधनं हाताशी असली पाहिजेत आणि ती तुम्हाला पेलली पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या शीर्षकांची यादी डोळ्यांसमोर आणा. 'भारतीय तत्त्वज्ञानातील मोक्षकल्पना : एक चिकित्सक अभ्यास'. 'संत साहित्यातील मानवतावाद : एक चिकित्सक अभ्यास'. हे 'एक चिकित्सक अभ्यास' शेपूट कोणी लावलं कोणास ठाऊक, पण ते लावल्याशिवाय शीर्षक पुरं झालं असं आपल्याला वाटतच नाही. बावीस वर्षांचं पोर उपनिषदांपासून विवेकानंदांपर्यंत सगळा मोक्ष सहा महिन्यांत तपासणार! मग ते काय करतं? तीन पाठ्यपुस्तकं घेतं आणि त्यांची चौथी आवृत्ती काढतं. त्याला दुसरा इलाजच नसतो. दोष पोराचा नाही, विषयाला मान्यता देणाऱ्या समितीचा आहे. अशा समित्यांवर आम्हीही बसलो आहोत आणि चहा पिऊन सह्या केल्या आहेत.

या पुस्तकात एक प्रकरण आम्हाला फार आवडतं. इको एका काल्पनिक विद्यार्थ्याची भूमिका घेतात. लहान गावात राहणारा, वेळ कमी, विषयाची फारशी माहिती नसलेला. विषय घेतात इटालियन बरोक काळातल्या ग्रंथांमधली रूपकाची कल्पना, आणि आपल्याच जन्मगावी, आलेस्सांद्रियाच्या ग्रंथालयात जाऊन बसतात. तीन दुपारी खर्ची घालतात. कुठला कोश आधी उघडला, त्यातून कुठलं नाव मिळालं, ते नाव सूचीत सापडलं की नाही, हे सगळं ते नोंदवतात. आणि दाखवून देतात की छोट्या गावातल्या ग्रंथालयातून कामापुरती संदर्भसूची उभी राहू शकते. हे ते करून दाखवतात, उपदेश करत नाहीत. संशोधनपद्धतीच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत गृहीतकाच्या सात व्याख्या असतात. ग्रंथालयात शिरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे एकही पुस्तक सांगत नाही.

आलेस्सांद्रियाचं वाचताना आम्हाला अमळनेर आठवलं. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस बंगालमधून येऊन तिथे संचालक म्हणून राहिला. तत्त्वज्ञानाचं काम मोठ्या शहरातच होतं हा समज खानदेशात शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला होता. आणि साधनंही अगदीच नाहीत असं नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली तीन खंडांत निघाला. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श' आहे, वाईचं 'नवभारत' आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही विचारायचो, महाकोश उघडलास का? दहातली आठ नाही म्हणायची. उरलेल्या दोघांतला एक खोटं बोलायचा.

इथपर्यंत इको आणि आम्ही एकत्र चालतो. आता जिथे वाटा फुटतात तिथे येऊ.

इको एक कडक नियम घालतात. परकीय लेखकावर प्रबंध लिहायचा तर तो मूळ भाषेतून वाचता आला पाहिजे, आणि ज्या विषयाला न येणारी भाषा लागते तो विषय घेऊ नये. नियम बरोबर आहे. पण इटालियन विद्यार्थी ज्या भाषेत वाचतो त्याच भाषेत लिहितो, त्याच भाषेत त्याचे प्राध्यापक विद्वत्ता करतात. आपला विद्यार्थी? त्याचं वाचन अर्धंमुर्धं इंग्रजीत, विचार मराठीत, शिवाय संस्कृतची सूत्रं भाषांतरातून. इकोंचा नियम तंतोतंत लावला तर मराठीत कांटवर कोणी लिहायचंच नाही आणि शंकराचार्यांवरही फार थोड्यांनी लिहायचं. आम्हाला वाटतं, इथे विद्यार्थ्याला एवढंच सांगावं की तू भाषांतर वाचतो आहेस हे पहिल्या पानावर लिही, कोणाचं भाषांतर तेही लिही, आणि मूळ शब्दावर तुझा युक्तिवाद अवलंबून असेल तर तो शब्द कोणाकडून तरी समजून घे. लपवू नकोस. हा मार्ग इकोंच्या मार्गापेक्षा खालचा असेल, अप्रामाणिक मात्र नाही.

दुसरी वाट फुटते ती 'मी' या शब्दापाशी. प्रबंधात 'मी' म्हणू नका, 'आम्ही' म्हणा, असं इको सांगतात. कारण विधान करताना वाचकही आपल्या बरोबर आहे असं लेखकाने धरलेलं असतं. चांगलं कारण आहे. आम्हीसुद्धा आज मघापासून 'आम्ही'च म्हणतो आहोत, इतक्या वर्षांची खोड आहे. पण या 'आम्ही'ला एक बाजू अशी आहे की ती आम्हाला एका विद्यार्थिनीमुळे कळली, आणि तीही फार उशिरा.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या विभागात तेव्हा एका पेपराऐवजी लघुप्रबंध घेता येत असे. एक मुलगी आली, सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. मोक्षाचं शीर्षक घेऊनच आली होती, शेपटासकट. आम्ही तिला कापत कापत 'अनुपलब्धी'वर आणलं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. समोर जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळतं? नैयायिक म्हणतात प्रत्यक्षानेच कळतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, नाही, त्याला वेगळं प्रमाण मानलं पाहिजे, ते म्हणजे अनुपलब्धी. मात्र अट अशी की ती वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. शिवाय जे नाही त्याची ओळख आणि आठवण हवी. घट म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही त्याला घटाचा अभाव कळणार नाही.

मुलीने हे सगळं नीट मांडलं. आणि तिसऱ्या प्रकरणात एक पान स्वतःचं लिहिलं. तिने लिहिलं होतं: माझी आई संध्याकाळी स्वयंपाकघरात येते आणि गिरणीतून आणलेल्या पिठाची पिशवी ज्या कोपऱ्यात टेकवलेली असते तिकडे बघते. तिला लगेच दिसतं की पीठ नाही. तिच्या मागे पाहुणी उभी आहे. तिचे डोळे तेवढेच चांगले, उजेड तोच, पीठ म्हणजे काय हे तिलाही ठाऊक. पण तिला तिथे फक्त कोपरा दिसतो. मग शास्त्रात सांगितलेल्या अटींत काहीतरी कमी आहे का? मीमांसक म्हणेल, पाहुणीला पिठाची आठवण झालेली नाही. पण आठवण आपोआप येत नाही, ती कशाने तरी यावी लागते. आईला ती गरजेमुळे येते. म्हणून जे 'दिसायला हवं होतं' ते कोणाला दिसायला हवं होतं, हे ठरवल्याशिवाय अभावाचं ज्ञान सांगता येत नाही.

आम्ही त्या पानावर लाल शाईने तिरकी रेघ ओढली. समासात लिहिलं, 'घरगुती उदाहरण, काढावे. घटाचेच घ्यावे.' तोंडी आणखी एक सांगितलं, ते आज आठवलं की लाज वाटते. म्हणालो, "अगं, तौलनिक काही हवं असेल तर सार्त्र घाल. तो कॅफेत पिएरला शोधतो आणि पिएर तिथे नसतो, ते बाह्य परीक्षकांना आवडेल." ती "हो सर" म्हणाली. तिने आई काढली आणि सार्त्र घातला. प्रथम वर्ग मिळाला.

म्हणजे पॅरिसच्या कॅफेतला नसलेला मित्र आम्हाला तत्त्वज्ञान वाटला आणि सोलापूरकडच्या स्वयंपाकघरातलं नसलेलं पीठ घरगुती वाटलं. आणि नीट बघा, त्या मुलीचा मुद्दा सार्त्रच्या उदाहरणात मावतही नाही. तिथे शोधणारा एकटाच आहे. तिच्याकडे दोघी आहेत, आणि सगळा युक्तिवाद त्या दोघींमधल्या फरकावर उभा आहे. आम्ही नुसतं उदाहरण बदललं नाही, युक्तिवाद काढून टाकला. विद्यार्थ्याने 'आम्ही' म्हणावं हे ठीक. पण 'माझी आई' याचं 'आमची आई' करून ते पान लिहिता आलं नसतं. इकोंच्या नियमाला इथे अपवाद हवा होता, आणि तो ओळखणं मार्गदर्शकाचं काम होतं.

गंमत म्हणजे या रोगावरचं औषध इकोंच्याच पुस्तकात आहे. आपल्या प्रबंधाच्या वेळची एक हकीकत ते सांगतात. त्यांचा स्वतःचा प्रबंध तोरिनोला १९५४ साली झाला, थॉमस अक्विनासच्या सौंदर्यविचारावर. एका प्रश्नाशी ते अडले होते. पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर व्हाले नावाच्या एका अप्रसिद्ध धर्मगुरूचं एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक मिळालं. पुस्तक सामान्य, पण त्यात एका ठिकाणी त्यांना हवी असलेली किल्ली सापडली. म्हणून ते म्हणतात, कोणालाही कमी लेखू नका, कोणाकडूनही शिकता येतं. पुढे त्यांना कोणीतरी म्हणालं की हा व्हाले तुम्ही रचला असणार. ते खरं करून दाखवायला त्यांनी पुस्तक काढलं, तर ज्या जागी खूण केली होती तिथे व्हाले तसं काही म्हणतच नव्हता! तो विचार वाचता वाचता इकोंनाच सुचला होता आणि त्यांनी तो मनोमन व्हालेला देऊन टाकला होता. 'द नेम ऑफ द रोझ'च्या सुरुवातीला या व्हालेचं नाव येतं, ते असं.

बरं. इको हा धडा विद्यार्थ्याला देतात. आमची तक्रार तिथेच आहे. सबंध पुस्तकात मार्गदर्शक हा लांब उभा असलेला प्राणी आहे. तो भेटत नाही, क्वचित विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाला जुंपतो, त्याच्यापासून कसं सांभाळावं हेही इको सांगतात. पण त्याने प्रबंध वाचावा कसा, याबद्दल जवळजवळ काही नाही. विद्यार्थ्याने नम्र असावं, छान. विद्यार्थ्याचं पान वाचताना प्राध्यापकाने कसं असावं?

आणि आता आपल्याकडच्या अटींकडे बघा. पदवी हातात पडण्याआधी मुलाला काय काय पुरं करावं लागतं? समास इतका, अक्षर इतकं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रंथालयाचं 'नो ड्यूज'. शिवाय साम्याची टक्केवारी. अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० आलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, त्यावर नोंदणी रद्द. नियम असावेत, आमचा विरोध नाही. पण यंत्र मोजतं ते शब्दांचं साम्य. इंग्रजी लेख मराठीत उतरवून आणला तर ते यंत्र बहुधा गप्प बसतं, आणि स्वतः लिहिलेल्या प्रबंधात लांब उतारे नियमाप्रमाणे अवतरणात घेतले तर मुलगा धास्तावतो. इकोंनी उपरोधाने सुचवलं होतं की प्रबंध जमत नसेल तर पैसे देऊन लिहून घ्या किंवा दुसऱ्या विद्यापीठातला उचला. आता तर पैसेही लागत नाहीत. मोबाइलवर प्रश्न टाकला की चाळीस पानं येतात, टक्केवारी शून्य.

या यादीत एक अट नाही. प्रबंध कोणीतरी वाचला पाहिजे आणि नंतर कोणालातरी तो सापडला पाहिजे, ही ती अट. पूर्वी काही ठिकाणी ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कोलंबियाची पीएच.डी. आठवा. प्रबंध मान्य झाला १९१७च्या सुमारास. पण त्या काळी तिथे छापील प्रती दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे. पुस्तक लंडनमध्ये निघालं १९२५ साली आणि पदवी मिळाली १९२७ साली. दहा वर्षं! गरीब विद्यार्थ्यावर ही अट किती जाचक होती ते दिसतंच आहे, आणि तिचं समर्थन आम्ही करत नाही. पण तिच्यामागे एक विचार होता: तू जे म्हणतोस ते लोकांसमोर ठेव, मग पदवी घे. आज छपाईचा खर्च नाही. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर चढतात. एम.ए.चे कुठे जातात?

ते कुठे जातात ते आम्ही सांगतो. इको म्हणतात, चांगल्या प्रबंधातलं काहीच वाया जात नाही. ते डुकराचं उदाहरण देतात, आपण कोकणात माडाचं देतो. काही वर्षांपूर्वी आम्हाला ती मुलगी आठवली. एका व्याख्यानात अभावावर बोलताना ते पिठाचं उदाहरण आम्ही वापरलं होतं, एका विद्यार्थिनीचं म्हणून. एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, "सर, हे कुठे वाचायला मिळेल?" प्रबंधात ते पान नव्हतंच, आम्हीच काढायला लावलं होतं. पण निदान बाकीचा युक्तिवाद तरी असेल म्हणून आम्ही जुन्या विभागात गेलो. कळलं, जागा कमी पडली म्हणून एम.ए.चे सगळे जुने प्रबंध रद्दीत दिले. कपाटं धरून किलोच्या भावाने. यात कोणाला काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. अट 'दोन प्रती दाखल कराव्यात' एवढीच होती, त्या प्रती दाखल झाल्या होत्या.

मग आम्ही तिचा शोध घेतला. ती आता तिच्याच तालुक्यात शाळेत शिकवते. फोनवर आम्ही आमचं जे काही म्हणायचं होतं ते म्हटलं, ते इथे सांगत नाही. तिला विचारलं, तुझी प्रत आहे का? ती म्हणाली, "सर, बांधलेली प्रत कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. कच्ची आहे." रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला. रेघी कागद, निळी शाई, त्यावर आमची लाल तिरकी रेघ, आणि रेघेखाली सगळं स्पष्ट वाचता येतं. त्या तरुण प्राध्यापिकेला आम्ही तो फोटो पाठवला आहे.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.